फोटोतला गोवर

सोमवार, सकाळचे आठ वाजून सतरा मिनिटं.

एवढी बरोबर वेळ मला कशी ठाऊक? फोटोच्या कोपऱ्यात पिवळ्या आकड्यांत छापून आलीये ना! मी तो फोटो कधीच पुसून टाकला असता, पण आमचे हे पुसू देत नाहीत. त्या मिनिटाला मी जो घोळ घातला तो कोणाला सांगायला बसले, की हे आधीच पोट धरून हसायला लागतात आणि माझं सांगणं राहूनच जातं. आज हे ऑटो घेऊन बडनेऱ्याच्या फेरीला गेलेत, स्वरा झोपलीये, तेवढ्यात लिहून काढते.

खुशाल हसा. पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी माझं तुमच्याकडे एक काम आहे.

आता पहिली गोष्ट, कॅमेरा कशाला? ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल असतो. माझ्याही होता की! त्यात माझ्या स्वराचे जन्मल्यापासूनचे अकरा महिन्यांचे फोटो होते. पहिलं हसू, पहिला दात, उष्टावणाची खीर नाकाला लागलेली. एका दुपारी ह्या बाईसाहेबांनी तो मोबाईल उचलला आणि पाण्याच्या ड्रमात सोडला. डुबुक! दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. तांदूळ ओले झाले, मोबाईल काही वाळला नाही.

अकरा महिने बुडाले हो माझे!

तुम्हाला माझा स्वभाव माहीत नाही म्हणून सांगते. पोरगी झोपली तर मी तिच्या नाकापुढं बोट धरून श्वास बघते. जागी झाली तर जागी का झाली म्हणून कपाळाला हात लावते. एक शिंक आली की स्वेटर, आणि स्वेटरमध्ये घाम आला की पुन्हा कपाळाला हात. अशी मी. आणि तिचा पहिला वाढदिवस पुढच्या गुरुवारी आलेला. गेले ते फोटो गेले, पण पहिल्या वाढदिवसाचा एक तरी चांगला फोटो हवा की नको? उद्या मोठी झाल्यावर तिनं विचारलं, "आई, मी लहानपणी कशी होती?" तर काय, ड्रम दाखवू तिला?

"फक्त फोटो काढणारं काहीतरी घेऊ," मी ह्यांना म्हणाले. "ज्याच्यावर फोन येत नाही, जे तुमी ऑटोत घेऊन जात नाही, जे माझ्या कपाटात राहीन."

"अवं, आता कोन घेते कॅमेरा?"

"मी घेतो."

अमरावतीत दोन दुकानांत विचारलं. दोघंही हेच म्हणाले, आता कोण घेते! अकोला माझं माहेर. तिथून भावाने सांगितलं, इथल्या बाजारात एका काकांचं दुकान आहे, त्यांच्याकडे छोटे डिजिटल कॅमेरे अजून मिळतात, आपल्याला झेपतील असे. मग काय, रविवारी आम्ही तिघं बडनेऱ्याहून गाडीत बसून अकोल्याला.

मी सातवीपर्यंतच शिकले, पण यादी करण्यात मी कोणाला ऐकत नाही. वहीत प्रश्न लिहून नेले होते. पडला तर फुटते का? लाइट चमकल्यावर पोरीच्या डोळ्याला काही होते का? कडा टोकदार आहेत का? ह्यांनी वही बघितली आणि म्हणाले, "कॅमेरा घेऊन रायलो की पाळना?"

दुकानदार काकांनी तीन कॅमेरे काउंटरवर मांडले.

"ताई, हा सोळा मेगापिक्सलचा, हा वीसचा."

"मले एकाच पोट्टीचे फोटो काढाचे जी. वीस काय करू?"

काकांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी छताकडे बघितलं.

"बरं, याचा झूम मोठा आहे. दूरचं मानूस जवळ दिसते."

"दूर कावून जाईन ती? मी जाऊच देत नाही."

"बरं, हा पेन्सिल सेलवर चालते. चार्जिंगची कटकट नाही."

"अन् सेल तिनं तोंडात घातला तं?"

काकांनी सेलवाला कॅमेरा गुपचूप मागं सरकवला.

शेवटी मी म्हटलं, तिन्हीतून माझ्या पोरीचा फोटो काढून दाखवा. काढले. मी तिन्ही फोटो पुन्हा पुन्हा बघितले आणि चांदीच्या रंगाचा, साबणाच्या वडीएवढा कॅमेरा उचलला. "हा द्या."

"हाच कावून?" ह्यांनी विचारलं.

"यात गाल भरलेले दिसून राहिले."

"अवं, कॅमेरा घेऊन रायली का पोषण आहार?"

हसू नका! सासरच्या कुठल्याही लग्नात गेलं की कोणीतरी माझ्या पोरीचा दंड चिमटीत धरून म्हणतंच, "पोट्टी वाळली वं!" ज्या बाईला हे ऐकावं लागतं, ती गाल बघूनच कॅमेरा घेणार.

गंमत बघा, त्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं की पोटातून एक नळी बाहेर यायची आणि नळीच्या तोंडावरचं झाकण पापणीसारखं उघडायचं. बंद केला की नळी आत, पापणी बंद. स्वरा दर वेळी खिदळायची. पैसे देताना काकांनी बजावलं, "ताई, एकच गोष्ट ध्यानात ठेवा. समोरच्या काचेले बोट लागू द्याचं नाही. कोनाचंच."

मी ते वहीत लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या.

आता आला सोमवार. आमच्या घरी नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. ऑटो आला तेव्हा ऑटोची केली, मिक्सर आला तेव्हा मिक्सरची केली, मग कॅमेऱ्याने काय पाप केलं? पाट मांडला, वर मूठभर गहू, गव्हावर कॅमेरा. सासूबाईंनी वाटीत कुंकू कालवून दिलं. तेल जरा जास्तच पडलं होतं त्यात.

आता कुंकू लावायचं कुठं? ऑटोला आपण समोर, मधोमध लावतो. कॅमेऱ्याच्या समोर, मधोमध काय होतं? ती मिटलेली गोल पापणी. काचेला बोट लावायचं नाही हे मला तोंडपाठ होतं, आणि काच तर कुठं दिसतच नव्हती! लावलं मी ठसठशीत. आधी हळद, वर कुंकू. झेंडूचं फूल वाहिलं.

"नवरदेवावानी दिसून रायला," सासूबाई म्हणाल्या.

मी हात धुतले, पुसले, कॅमेरा उचलला, बटण दाबलं. नळी बाहेर आली, पापणी उघडली. स्वरा पाटावरचे गहू वेचून तोंडात घालत होती. खटॅक! आठ वाजून सतरा मिनिटं.

मागच्या काचेत फोटो बघितला. माझ्या लेकीच्या तोंडावर लाल लाल चट्टे! गालावर, कपाळावर, गळ्यापर्यंत!

तुम्ही म्हणाल, अगं बाई, पोरगी समोर बसलीये, तिच्याकडे बघ ना. बघितलं! पोरगी स्वच्छ, फोटो लाल. पण माझं डोकं कुठं गेलं माहीत आहे? एक्स-रेकडे. हाड मोडलं तर वरून दिसते का? नाही. मशीनलाच दिसते. तसंच हे! दुखणं अजून अंगात आहे, बाहेर पडायचं आहे, आणि मशीनने आधीच पकडलं!

"आई! लवकर या!"

सासूबाईंनी चष्मा लावला, फोटो डोळ्याजवळ नेला, लांब धरला. "माय वो! गोवर!"

"पण अंगावर कुठं दिसत नाही, आई."

"अंदर हाय. उद्या सकाळपावतर बाहेर पडते, पाह्य."

बघा, माझ्या मनातलंच बोलल्या. एरवी आमच्या दोघींचं कशावर जुळत नाही, भाजीत मीठ किती यावरही नाही, आणि त्या दिवशी एका मिनिटात जुळलं!

"तुमी दूर बसा, आई. तुमाले लागन."

"मले काय होते? मले लहानपनीच येऊन गेला."

खात्री करावी म्हणून मी त्यांचाही फोटो काढला. खटॅक. लाल!

"आई, तुमाले दुसऱ्यांदा आला!"

सासूबाई मटकन खाली बसल्या. "तरीच म्हनलं, सकाळपासून कमर कावून दुखून रायली!" आणि सरळ अंथरूण धरलं.

दुपारी हे जेवायला आले. दोन भाकरी खाऊन तिसरी हातात घेतली तेवढ्यात मी खटॅक केलं. त्यांच्याही तोंडावर तेच.

"मले तं काहीच होऊन नाही रायलं," हे म्हणाले.

"आईलेही होत नव्हतं. फोटो काढल्यावर व्हायला लागलं."

त्यांनी फोटो बघितला, गाल चाचपला आणि तिसरी भाकरी ताटात ठेवली.

मी मात्र कामाला लागले. सासूबाईंनी पडल्या पडल्या हुकूम सोडला, त्याप्रमाणे कडुलिंबाचा डहाळा तोडून आणला आणि दाराच्या चौकटीला लटकवला. आमच्याकडे दाराला असा डहाळा दिसला की समजायचं, ह्या घरात गोवर किंवा कांजिण्या आहेत, आत पाऊल टाकायचं नाही. समोरच्या शोभावहिनींनी रस्त्यापलीकडूनच विचारलं, "काय झालं वं?"

"गोवर! तिघांले!"

"तिघांले? एकाच दिवशी?"

"सकाळपासून दुपारपावतर! फोटोत दिसून राहिला!"

मग नळावर सांगितलं. मग पिठाच्या चक्कीवर. आपल्यामुळे कोणाच्या लेकराला त्रास नको, एवढाच माझा हेतू, देवाशपथ! अर्ध्या तासात अख्ख्या गल्लीनं आपापली पोरं घरात ओढून घेतली.

आमचे डॉक्टर सोमवारी दर्यापूरला बसतात. म्हणजे ती रात्र मी कशी काढली असेल, सांगायची गरज आहे का? मंगळवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी पायरीवर.

"ताप?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"खोकला? डोळे लाल? नाकातून पानी?"

"नाही, नाही, नाही."

"लस दिली होती?"

"नऊ महिन्यांची झाली तवाच दिली. हे पाहा कार्ड."

"मंग गोवर कुठं आहे?"

"ह्याच्यात," म्हणून मी कॅमेरा टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, मले पोरगी दाखवा."

"पोरीत दिसत नाही, डॉक्टरसाहेब. मशीनमध्ये दिसते. थांबा, दाखवतो." आणि मी त्यांचाच फोटो काढला. बघितला. कॅमेरा खाली केला. "साहेब... तुमी बसा जरा. तुमच्यापर्यंत पोचला."

खोटं नाही सांगत, डॉक्टरांनी स्वतःच्या गालाला हात लावला! एकच क्षण, पण लावला. मग भानावर आले, माझ्या हातातून कॅमेरा घेतला आणि समोरच्या भिंतीचा फोटो काढला.

"हे पाहा. माझ्या भिंतीले गोवर झाला. भिंतीले इंजेक्शन देऊ का?"

बाहेरच्या बाकावरचे पेशंट आपापला आजार विसरून हसायला लागले. एक आजोबा तर खोकता खोकता हसले की हसता हसता खोकले, कळलंच नाही.

"पोरगी ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "आजारी कॅमेरा आहे. त्याले त्याच्या डॉक्टरकडे न्या."

दुसरी एखादी असती तर देवाचे आभार मानून, लाजून घरी बसली असती. मी? माझं डोकंच फिरलं. म्हणजे त्या काकांनी बिघडलेला कॅमेरा माझ्या गळ्यात मारला! माझ्या सासूला दोन दिवस अंथरुणात पाडलं! बुधवारी ह्यांचा धंदा बुडवून त्यांना सोबत घेतलं आणि पुन्हा अकोला. गाडीत बसून काय काय बोलायचं ते सगळं मनात जुळवलं. मूर्तिजापूर येईपर्यंत माझं भांडण पाठ झालं होतं.

"काका!" दुकानाच्या पायरीवरूनच मी सुरू झाले. "हा कसला कॅमेरा दिला जी? घरच्या साऱ्याईले गोवर केला यानं! डॉक्टरलेही सोडलं नाही!"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती मागं सरकली. काका मात्र शांत. त्यांनी कॅमेरा सुरू केला आणि एकेक फोटो मागं नेत बघायला लागले.

"हा रविवारचा. माझ्याच दुकानातला. साफ आहे. हा सोमवारचा, आठ वाजून सतरा मिनिटं. लाल आहे." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, या दोन फोटोंच्या मधात काय केलं?"

"काहीच नाही."

"पडला?"

"छ्या! पोरीच्या टोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता."

"मंग काहीतरी झालं असन."

"काही नाही जी. पूजा केली फक्त."

काकांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला. "पूजा कशी केली?"

"कशी म्हणजे? ऑटोची करतो तशी."

"ऑटोले कुंकू कुठं लावता?"

"समोर. मधोमध."

"अन् कॅमेऱ्याले?"

"त्याच्याही... समोर."

काकांनी ड्रॉवरमधून पिवळं फडकं काढलं, त्यावर बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब टाकला, काच पुसली, पापणीची पाती पुसली आणि फडकं माझ्यासमोर पसरलं. लालभडक! वर हळदीची कडा.

"ताई, मी काय सांगितलं होतं?"

मी पण काही कमी नाही. वही उघडली, दोन रेघांवर बोट ठेवलं. "काचेले बोट लावाचं नाही. मी काचेले लावलंच नाही! मी पापणीले लावलं!"

"अन् पापनी उघडल्यावर तेलातलं कुंकू कुठं जाईन?"

आता बोला! माझं पाठ केलेलं भांडण तिथंच संपलं. मागून हे हळूच म्हणाले, "काका, त्याच्यावर लिंबू नाही चिरडलं हे नशीब समजा." मागं सरकलेली दोन्ही गिऱ्हाइकं पुढं आली, नीट हसता यावं म्हणून.

काकांनी एक पैसा घेतला नाही. वर स्वरासाठी एक फुगा दिला. मी येताना संपूर्ण वाट खिडकीबाहेर बघत बसले. हे अधूनमधून माझ्याकडे बघायचे आणि रुमालात खोकायचे. खोकला बिकला काही नव्हता त्यांना.

गुरुवार उजाडला. वाढदिवस! तीस माणसांचा आलूबोंडा, पातेलंभर सरबत, गुलाबी केक. ह्यांनी दाराला फुगे बांधले. सासूबाई ठणठणीत होऊन उठल्या, इरकली लुगडं नेसल्या. स्वराला परीचा फ्रॉक. सगळ्यांना आठवडाभर आधीच पाच वाजताचं सांगून ठेवलं होतं.

पाच वाजले. कोणी नाही.

साडेपाच. शोभावहिनी खिडकीत दिसल्या. मी हात हलवला. त्यांनी पडदा ओढला.

सहा. आलूबोंडे गार, सरबत गरम. स्वरा फ्रॉकच्या पंखांवर बसून पेंगायला लागली. माझ्या मनात काय काय यायला लागलं. आपण साधी माणसं म्हणून आले नाहीत का? मी कोणाला काही बोलले का? माझ्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला एकही माणूस नसावं? डोळे भरून आले हो माझे, खरंच सांगते.

"रडू नको वं," सासूबाई म्हणाल्या, आणि चक्क माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पोट्टी जागी हाय तोपर्यंत फोटो तं काढ. उजेड जाऊन रायला."

आम्ही चौघं दारात उभे राहिलो. कॅमेरा ह्यांनी ऑटोच्या सीटवर ठेवला, दहा सेकंदांचं बटण दाबलं आणि पळत आले. खटॅक!

आणि काय फोटो आला म्हणता! स्वच्छ! स्वराचे दोन दात, सासूबाईंच्या नथीचा मोती, ह्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण, सगळं दिसत होतं. मी पोरीचे गाल बघायला फोटो मोठा केला. भरलेले होते! मग सरकवत सरकवत फोटो वर नेला. फुगे दिसले. लाल फुगा, निळा फुगा, आणि दोघांच्या मधात, चौकटीला लटकलेला, अर्धवट वाळलेला, पान अन् पान साफ दिसणारा...

कडुलिंबाचा डहाळा!

"माय वो," सासूबाई म्हणाल्या, "तो काढलाच नाही?"

कोण काढणार? गोवर आला हे मी अर्ध्या तासात गल्लीभर सांगितलं. नव्हताच, हे सांगायला मला सवड कुठं होती? मी अकोल्याला भांडायला गेले होते! ह्यांनी फुगे बांधताना डहाळा बघितला होता, पण त्यांना वाटलं सजावटीसाठीच ठेवलाय. चार दिवसांत त्या कॅमेऱ्याने पहिल्यांदा घरातलं खरं दुखणं दाखवलं, आणि त्या फोटोत मी बरोबर त्या डहाळ्याखाली दात काढून उभी!

तर आता तुमच्याकडचं काम. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता स्वराचा वाढदिवस पुन्हा ठेवलाय. आलूबोंडे ताजे तळणार आहे. गोवर कोणालाच नव्हता. पोरीला नाही, सासूबाईंना नाही, डॉक्टरांच्या भिंतीलाही नाही. डहाळा काढून टाकलाय. भेटेल त्याला एवढं सांगा.

मीच सांगितलं असतं हो. आज सकाळी नळावर सांगून पाहिलं. शोभावहिनींनी हंडा चार पावलं मागं ओढला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "साफ बरे झाले म्हनतं? मंग फोटो दाखव."

आता सगळ्यांचा साफ फोटो माझ्याकडे एकच, आणि त्यात डोक्यावर डहाळा! म्हणून म्हणते, तुम्हीच सांगा.